पारख आणि नकार : एकटीने देहविक्रय करणाऱ्या स्त्रीची सुरक्षितता

देहविक्रयाचा विचार मराठी समाज आजवर वस्तीच्या रूपाने करत आला आहे. मुंबईचा कामाठीपुरा, पुण्याची बुधवार पेठ, नागपूरची गंगा-जमुना ही नावे उच्चारली की एक ठरावीक चित्र उभे राहते : अरुंद गल्ली, दारात उभ्या असलेल्या स्त्रिया, कोठा चालवणारी घरवाली आणि गिऱ्हाईक आणून देणारा दलाल. हे चित्र खोटे नाही, परंतु अपुरे आहे, कारण या व्यवसायातील अनेक स्त्रिया कोणत्याही वस्तीत राहत नाहीत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजेच नॅको, आपल्या कार्यक्रमांसाठी या स्त्रियांचे वर्गीकरण करताना कोठ्यावरील, रस्त्यावरील, घरातून काम करणाऱ्या, लॉजवर जाणाऱ्या आणि महामार्गावरील ढाब्यांशी जोडलेल्या असे वेगवेगळे गट मानते. मोबाइल हाती आल्यापासून त्यात आणखी एका पद्धतीची भर पडली आहे. घरवाली आणि दलाल दोघांनाही वगळून, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या अटींवर गिऱ्हाईक ठरवणारी स्त्री या पद्धतीने काम करते आणि इंटरनेटवरील जाहिरातींत तिला ‘एस्कॉर्ट’ म्हटले जाते. या शब्दाचा मूळ अर्थ सोबत करणारी व्यक्ती एवढाच असला, तरी जाहिरातींच्या भाषेत त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्तीही या मार्गाने काम करतात. येथे मात्र विवेचन मुख्यतः स्त्रियांपुरते आहे.

अशा स्वतंत्र स्त्रीपुढे दोन कामे कायम असतात : आपण काम करतो हे योग्य माणसापर्यंत पोहोचवणे आणि आलेल्या माणसाची पारख करणे. पहिले काम उपजीविकेचे, दुसरे जिवाचे. कोठ्यावर ही दोन्ही कामे घरवाली आणि दलाल करतात आणि त्याची जबर किंमत कमाईतून कापून घेतात. एकटी स्त्री ती किंमत वाचवते, पण त्याबरोबर येणारा सारा धोका स्वतःच्या अंगावर घेते. त्यामुळे तिला पारख करायला वेळ मिळतो का, तिच्या पाठीशी कोणी असते का आणि तिचा नकार डावलला गेला तर तिला कोठे दाद मागता येते का, या तीन प्रश्नांवर तिची सुरक्षितता ठरते.

वनजिल्ह्यांतील अडचण

हे तीन प्रश्न विदर्भातील चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत अधिक कठीण होतात. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होते. विभाजनानंतर कोळसा, वीज, सिमेंट आणि कागद यांचा औद्योगिक पट्टा चंद्रपूरकडे राहिला, तर सुमारे तीन चतुर्थांश भूभागावर वन असलेला प्रदेश गडचिरोलीकडे गेला. घुग्घुस, बल्लारपूर, गडचांदूर या गावांत खाणी आणि कारखान्यांमुळे बाहेरगावचे कामगार, ठेकेदार आणि ट्रकचालक सतत येत-जात असतात. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजाने ही ये-जा गडचिरोलीच्या दक्षिण भागापर्यंत नेली आहे. कुटुंबापासून दूर राहणाऱ्या पुरुषांची मोठी संख्या जेथे असते, तेथे देहविक्रयाला मागणी निर्माण होते, असा जगभरच्या खाणपट्ट्यांचा अनुभव आहे. त्यामुळेच एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात स्थलांतरित कामगार आणि ट्रकचालक हे स्वतंत्र गट मानलेले आहेत.

मुंबईसारख्या महानगरात गर्दी माणसाला लपवते. तालुक्याच्या गावात असा आडोसा नसतो. कोणाच्या घरासमोर अनोळखी मोटारसायकल उभी राहिली, तर संध्याकाळपर्यंत ती बातमी गल्लीभर होते. गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीतले, मुलाच्या शाळेतले किंवा नवऱ्याच्या ओळखीतले निघण्याची भीती कायम असते आणि ओळख उघड झाली तर घर, नाते, भाड्याची खोली, मुलांची शाळा हे सारेच एकाच दिवशी हातचे जाऊ शकते. त्यामुळे अशा ठिकाणची स्त्री बहुधा आपल्या गावात काम न करता दुसऱ्या शहरातील लॉजचा आधार घेते. तेथे गाव ओळखत नाही, पण संकटात धावून येणारेही कोणी नसते.

दारूचा प्रश्नही येथे वेगळा आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. या व्यवसायातील स्त्रिया नशेत आलेल्या माणसाला सर्वाधिक धोकादायक मानतात, कारण तो निरोध नाकारतो, ठरलेली वेळ मोडतो आणि पैशावरून हातघाईवर येतो. बंदी असलेल्या जिल्ह्यात तो आपल्यासोबत दारूच्या गुन्ह्याचा धोकाही खोलीत आणतो आणि त्यानंतर पोलिसांना बोलावण्याची हिंमत त्या स्त्रीला होत नाही.

जाहिरात : बोलावणे आणि परतवणे

स्वतंत्र स्त्रीकडे गिऱ्हाईक येण्याचे मार्ग तीन. पहिला आणि सर्वांत जुना म्हणजे तोंडी ओळख, ज्यात विश्वासाचे कायम गिऱ्हाईक दुसऱ्याला नंबर देते. दुसरा म्हणजे रिक्षाचालक, लॉजचा व्यवस्थापक किंवा फोनवरून काम करणारा दलाल यांच्यामार्फत, हिस्सा देऊन. तिसरा म्हणजे छोट्या जाहिरातींची संकेतस्थळे, टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवरील गट यांचा. पहिल्या मार्गाने माणसे कमी येतात, पण त्यांच्यामागे कोणाचा तरी शब्द असतो. तिसऱ्याने फोन अनेक येतात, पण त्यांतले बहुतेक नुसती चौकशी करणारे, शिवीगाळ करणारे किंवा फसवणारे असतात.

म्हणून जाणत्या स्त्रीच्या जाहिरातीचे निम्मे काम बोलावण्याचे आणि निम्मे परतवण्याचे असते. फोन कोणत्या वेळी करावा, किती वेळ, निरोधाशिवाय काहीही नाही, नशेत येऊ नये, एकापेक्षा अधिक माणसे नकोत, या गोष्टी आधीच स्पष्ट लिहिल्या की ज्याला त्या मान्य नाहीत तो बहुधा फोनच करत नाही. ज्या अटीवरून खोलीत भांडण झाले असते, ती अट फोनवरच निकाली निघते.

छायाचित्र हा यातील सर्वांत नाजूक भाग आहे. चेहरा एकदा इंटरनेटवर गेला की तो परत घेता येत नाही, आणि चेहरा झाकला तरी गोंदण, खिडकीबाहेरचा मनोरा किंवा भिंतीवरील दुकानाचे कॅलेंडर ओळख उघड करते. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात ते कोठे काढले त्या जागेची नोंदही दडलेली असू शकते. शिवाय अशी छायाचित्रे चोरून, भलत्याच स्त्रीच्या नावाने जाहिराती देऊन आगाऊ पैसे उकळणाऱ्या टोळ्या इंटरनेटवर आहेत. त्यांच्यामुळे फसलेला माणूस पुढच्या खऱ्या स्त्रीशी संशयाने आणि रागाने वागतो, आणि जिचे छायाचित्र चोरले गेले ती कसलाही संबंध नसताना बदनाम होते.

कायद्याच्या दृष्टीनेही जाहिरात निर्धोक नाही. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ८ नुसार सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणे हा गुन्हा असून पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. १९५६ मध्ये लिहिलेले हे कलम शब्द, हावभाव, खिडकीत किंवा सज्जात बसणे यांविषयी बोलते. पडद्यावरची जाहिरात त्याच्या शब्दांत कोठेच नाही, त्यामुळे तिचा अर्थ लावणे पोलीस आणि न्यायालय यांच्यावर सोपवले जाते. मजकूर किंवा चित्र अश्लील ठरले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ लागू होते आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्या स्त्रीसाठी जाहिरात देऊन गिऱ्हाईक मिळवून देणारा माणूस तर दलालीच्या गुन्ह्याच्या कक्षेत येतो.

पारख : फोनपासून दारापर्यंत

गिऱ्हाइकाची पारख पहिल्या फोनपासून सुरू होते. अनुभवी स्त्री केवळ संदेशांवर भेट ठरवत नाही. ती माणसाचा आवाज ऐकते, कारण नशा, घाई आणि अरेरावी आवाजात आधी उमटते. नंबर लपवून फोन करणारा, अटी ऐकल्यावर घासाघीस करणारा, निरोधाचा विषय टाळणारा, ठरलेली जागा शेवटच्या क्षणी बदलणारा किंवा ‘मित्रही सोबत आहे’ असे उशिरा सांगणारा माणूस नाकारायचा, हे नियम कोणी छापलेले नाहीत, पण या व्यवसायातील स्त्रिया ते एकमेकींना सांगत आल्या आहेत.

तंत्रज्ञानाने या पारखीला नवी साधने दिली, पण त्यांतील प्रत्येक साधन दुधारी आहे. यूपीआयवरून थोडी रक्कम आगाऊ मागितली की पाठवणाऱ्याचे बँकेतील नाव कळते आणि तो खरोखर येणार आहे याचीही खात्री होते. परंतु त्याच व्यवहारात तिचे बँकेतील नाव त्याच्या पडद्यावर उमटते. नंबर ओळखणारे ॲप तिला समोरच्याचे नाव सांगते, तसेच त्यालाही तिचे सांगते. लॉजच्या नोंदवहीत दोघांचे ओळखपत्र लागते आणि त्यामुळे माणूस कोण आहे याची नोंद राहते. मात्र तिच्या आधार कार्डाची प्रत एका अनोळखी टेबलाच्या खणात पडून राहते. आधार क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत अधिकृतपणे काढता येते, ही साधी गोष्ट अशा स्त्रीच्या फार उपयोगाची आहे.

यापुढची पायरी म्हणजे सोबत. कोठे जात आहे, कोणाबरोबर आणि किती वाजता परत फोन करणार हे एका मैत्रिणीला कळवणे, फोनवरून जागा दाखवत राहणे आणि अडचणीत असल्याचे सूचित करणारा एखादा साधा शब्द ठरवून ठेवणे, हे यातील सर्वांत भरवशाचे उपाय आहेत. वनक्षेत्रातील रस्त्यांवर मैलोन्‌मैल मोबाइलला रेंज नसते आणि तेथे हा सारा उपाय निकामी होतो. म्हणून रेंज नसलेल्या जागी किंवा अनोळखी वाहनात न जाणे हा या भागात पारखीचा पहिला नियम ठरतो.

निरोध फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर एचआयव्हीची लागण टाळणारे औषध, ज्याला पीईपी म्हणतात, ते ७२ तासांच्या आत आणि शक्य तितक्या लवकर सुरू करावे लागते. ते शासकीय रुग्णालयांत मिळते. दुर्गम तालुक्यातील स्त्रीसाठी हे ७२ तास म्हणजे प्रवास, निमित्त आणि लाज या तिन्हींशी लढण्याची मुदत असते.

कायदा : वेळ, सोबत आणि दाद

भारतात सज्ञान स्त्रीने स्वेच्छेने देहविक्रय करणे हा स्वतः गुन्हा नाही. १९५६ चा कायदा, ज्याला १९८६ मध्ये आजचे नाव मिळाले, तो त्याभोवतीच्या कृत्यांना शिक्षा करतो : कुंटणखाना चालवणे, दलाली करणे, दुसऱ्याच्या कमाईवर जगणे, सार्वजनिक ठिकाणी बोलावणे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये सुधारगृहात ठेवलेल्या तीन स्त्रियांना मुक्त करताना हा भेद स्पष्ट केला आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येत नाही असा निर्वाळा दिला.

असे असूनही कायद्याची रचना स्त्रीची सुरक्षिततेची साधनेच काढून घेते. कायद्याच्या व्याख्येनुसार दोन किंवा अधिक स्त्रियांच्या परस्पर फायद्यासाठी वापरली जाणारी जागा कुंटणखाना ठरते. एकटी स्त्री एका खोलीत असेल तर ती व्याख्या लागू होत नाही, पण भीतीपोटी दोघी एकत्र राहू लागल्या की ती खोली गुन्ह्याची जागा होते. कलम ४ मध्ये अशा स्त्रीच्या नेहमी सोबत असणारा माणूस तिच्या कमाईवर जगतो असे गृहीत धरले जाते. म्हणून तिला लॉजपर्यंत सोडून बाहेर थांबणारा भाऊ किंवा ओळखीचा रिक्षावालाही संशयित ठरू शकतो. अशा रीतीने सोबत जाते.

वेळ जातो तो कलम ७ आणि ८ मुळे. मंदिर, शाळा, वसतिगृह, रुग्णालय यांपासून २०० मीटरच्या आत देहविक्रय करणे गुन्हा आहे. एका जागेभोवती २०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर ते सुमारे साडेबारा हेक्टर, म्हणजे एकतीस एकर जागा व्यापते. एकमेकांत न मिसळणारी अशी आठ वर्तुळे मिळून एक चौरस किलोमीटरएवढी जागा झाकून टाकतात. ज्या गावात प्रत्येक वळणावर मंदिर आणि प्रत्येक वस्तीत शाळा आहे, तेथे गावठाणाबाहेरची निर्जन जागाच तेवढी शिल्लक राहते. उघड्यावर बोलावणे गुन्हा आणि गावात थांबणे गुन्हा असल्याने व्यवहार घाईने, अंधारात आणि गावाबाहेर उरकला जातो, आणि घाईत पारख होत नाही.

दाद मागण्याची वाट मात्र कागदावर पूर्वीपेक्षा रुंद झाली आहे. महाराष्ट्रातीलच एका पोलीस निरीक्षकाच्या बडतर्फीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ठणकावून सांगितले, की स्त्रीचे चारित्र्य कसेही मानले जात असो, तिच्या खाजगीपणावर आक्रमण करण्याचा हक्क कोणालाही मिळत नाही. कोलकात्यात १९९९ मध्ये झालेल्या एका सेक्स वर्करच्या खुनाचा खटला, जो बुद्धदेव कर्मस्कर या आरोपीच्या नावाने ओळखला जातो, त्याची व्याप्ती वाढवत सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी निर्देश दिले : पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानाने वागावे, लैंगिक अत्याचार झालेल्या सेक्स वर्करला इतर कोणत्याही पीडितेसारखीच वैद्यकीय मदत मिळावी, निरोध जवळ असणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये आणि माध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. ज्या ठाण्यात सारे ओळखतात ते टाळून दुसऱ्या गावी जाऊ इच्छिणाऱ्या स्त्रीसाठी ही तरतूद मोलाची आहे. छायाचित्रे प्रसिद्ध करण्याची धमकी देऊन पैसे मागणे ही खंडणी आहे, आणि तक्रार करणारी स्त्री काय काम करते यावरून तो गुन्हा सौम्य होत नाही.

इतरत्र काय घडले

न्यूझीलंडने २००३ मध्ये देहविक्रय गुन्हेगारीच्या कक्षेतून बाहेर काढला. तेथे चारपर्यंत स्त्रिया कोणी मालक न ठेवता एका घरातून परवान्याशिवाय काम करू शकतात आणि कोणत्याही क्षणी नकार देण्याचा हक्क कायद्यातच लिहिलेला आहे. भारतात जी सोबत गुन्हा ठरते, ती तेथे सुरक्षिततेची व्यवस्था मानली जाते. उलट दिशेचा धडा अमेरिकेने दिला. मानवी तस्करी रोखण्याच्या हेतूने एप्रिल २०१८ मध्ये तेथे जाहिरातींच्या संकेतस्थळांवर कठोर कायदा आला आणि बॅकपेज हे मोठे संकेतस्थळ जप्त झाले. त्याबरोबर धोकादायक गिऱ्हाइकांच्या सामायिक याद्या आणि आधी चौकशी करण्याची सोयही अनेकींच्या हातून गेली व काही जणी पुन्हा रस्त्यावर आणि दलालांकडे वळल्या. अशा याद्यांची कल्पना ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९८० च्या दशकात पुढे आली. ब्रिटनमध्ये २०१२ पासून एक राष्ट्रीय संस्था हे काम करते आणि स्त्रीची संमती असेल तरच तिचे नाव पोलिसांकडे देते.

महाराष्ट्रालाही या बाबतीत परदेशाकडेच पाहावे लागते असे नाही. सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या संग्राम या संस्थेच्या प्रयत्नांतून १९९६ मध्ये स्त्रियांनी स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली. समाजाने शिवी म्हणून वापरलेला शब्द त्यांनी मुद्दाम संघटनेच्या नावात ठेवला. निरोध वाटणे, आजारी मैत्रिणीला दवाखान्यात नेणे, मारहाण करणाऱ्या गुंडाविरुद्ध एकजुटीने ठाण्यात जाणे ही कामे तेथे स्त्रियाच करतात. एका स्त्रीचा नकार हवेत विरतो, पन्नास जणींचा नकार ऐकावा लागतो, हा सांगलीचा अनुभव आहे. विदर्भात मात्र ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरच्या गंगा-जमुनावर पोलिसांनी निर्बंध लादले तेव्हा दिसले, की वस्ती बंद केल्याने स्त्रियांची गरज संपत नाही. त्यांची जागा तेवढी बदलते आणि बदललेल्या जागी त्या अधिक एकट्या पडतात.

सक्ती आणि स्वेच्छा यांतील रेघ

या साऱ्या विवेचनाला एक पक्की मर्यादा आहे. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. तिला या व्यवसायात आणणे हा गंभीर गुन्हा आहे. नोकरीचे किंवा लग्नाचे आमिष दाखवून नेलेली, कर्जात अडकवलेली किंवा कोंडलेली स्त्री कोणत्याही अर्थाने स्वतंत्र नव्हे. गरिबी आणि स्थलांतर यांनी वेढलेल्या वनजिल्ह्यांत हा धोका खरा आहे. परंतु सक्ती ओळखण्याची सर्वांत सोपी कसोटीही नकारच आहे : जिला गिऱ्हाईक नाकारता येते, फोन स्वतःच्या हाती ठेवता येतो आणि उद्यापासून काम सोडता येते, ती स्वतंत्र, जिला यांतले काहीच करता येत नाही, ती बंदिवान. स्वतंत्र स्त्रीला गुन्हेगार ठरवून दडपले की बंदिवान मुलीची बातमी देऊ शकणारी सर्वांत जवळची साक्षीदारच गप्प होते.

मदतीच्या वाटा आहेत. मुलांसाठी १०९८, तातडीच्या संकटात ११२, स्त्रियांसाठी १८१, ऑनलाइन धमकी व फसवणुकीसाठी १९३०, एचआयव्हीविषयक माहितीसाठी १०९७ आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हे दूरध्वनी क्रमांक देशभर चालतात. प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरणही आहे. मात्र हे क्रमांक फिरवणारी स्त्री पलीकडच्या आवाजाचीही पारखच करत असते : हा माणूस आधी माझे काम विचारील की माझी जखम? चंद्रपूर-गडचिरोलीतल्या ठाण्यांत आणि रुग्णालयांत तिला जखमेविषयी आधी विचारले गेले, तर तिच्या नकारामागे कायदा उभा आहे असे म्हणता येईल. तोवर तिची सारी सुरक्षितता एका फोनवर ऐकलेल्या आवाजावर आणि परतीच्या फोनची वाट पाहत जागणाऱ्या एका मैत्रिणीवर अवलंबून राहील.